आधी खरेदी, मग विक्री : एका वर्षाची कात्री

भोपाळच्या उत्तरेकडील करोंद हा भाग आजवर मुख्यत्वे कृषी बाजारासाठी ओळखला जात असे. एम्सकडे जाणाऱ्या नियोजित मेट्रो मार्गाचे दुसरे टोक करोंद चौकात असल्याने घर बदलू पाहणाऱ्यांची नजर तिकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र जुने घर विकण्याआधी नवे घेणाऱ्या कुटुंबाला दोन करांचा हिशेब मांडावा लागतो आणि हा हिशेब गोमंतकीयांनाही चुकलेला नाही.

पहिला कर खरेदीचा. मध्य प्रदेशच्या शहरी भागात मुद्रांक शुल्क, स्थानिक उपकर आणि नोंदणी शुल्क मिळून सुमारे साडेबारा टक्के रक्कम भरावी लागते. महिलेच्या नावे नोंदणी केल्यास काही सवलत मिळते. म्हणजे ५० लाखांच्या घरावर सुमारे सव्वासहा लाख रुपये. इंग्लंडमध्ये पहिले घर हाती असताना दुसरे घेणाऱ्यास पाच टक्के अधिभार पडतो. मात्र पूर्वीचे राहते घर तीन वर्षांत विकल्यास तो परत मागता येतो. आपल्याकडे असा अधिभार नाही. आपल्याकडची अडचण विक्रीच्या वेळी उभी राहते.

दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून झालेल्या नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. तो नफा नव्या घरात गुंतवल्यास सूट मिळते, पण तिला मुदतीचे बंधन आहे. विक्रीनंतर खरेदीसाठी दोन वर्षे आणि बांधकामासाठी तीन वर्षे मिळतात. खरेदी आधी केली, तर जुने घर विकण्यास मात्र एकच वर्ष. वीस लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने अडीच लाखांचा कर होतो, उपकर वेगळा. एक वर्ष उलटले की ही सूट हातची जाते.

विलंब नेहमीच मालकाच्या आळसामुळे होतो असे नाही. चंदीगडमधील एका घराच्या विक्रीचा करार २००२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये मालकांनी नवे घर घेतले. पण मृत्युपत्राच्या वादात न्यायालयाची मनाई आल्याने विक्रीखत २००४ मध्ये झाले. प्राप्तिकर खात्याने सूट नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्री कराराचीच तारीख ग्राह्य धरून ती दिली. न्याय मिळाला, पण त्यासाठी दशकभर झगडावे लागले.

गोव्यात ही कात्री अधिक धारदार ठरते. येथील नागरी कायद्यानुसार स्थावर मालमत्ता विकताना पती-पत्नी दोघांची संमती लागते. वडिलोपार्जित घरात सहवारस अनेक असतात, त्यांतले काही परदेशी असतात, आणि इन्व्हेंटरीची कार्यवाही आटोपल्याशिवाय ग्राहक पुढे येत नाही. अशा घराला बारा महिने पुरतील कसे?

आधी विकून भाड्याने राहणाऱ्यास दोन वर्षे आणि वृद्ध आईवडिलांना दोनदा हलवावे लागू नये म्हणून आधी खरेदी करणाऱ्यास एक वर्ष, या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे. दोन्ही मुदती सारख्या केल्यास तिजोरीचे फार नुकसान होणार नाही. सामान्य कुटुंबाची घाईची, पडत्या भावातली विक्री मात्र टळेल. तोवर खरेदीखतावर सही करण्यापूर्वी जुन्या घराची कागदपत्रे निर्वेध करून घेणे आणि शक्य तर विक्रीचा लेखी करार आधी करणे, हाच सुज्ञपणा होय.