सेवा लादलेली आणि सेवा स्वीकारलेली

'सेवा' हा एकच शब्द मराठीत दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. एका सेवेत ती करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार नसतो. दुसऱ्या सेवेत 'नाही' म्हणता येत असतानाही माणूस समजून-उमजून 'हो' म्हणतो. आपल्या समाजाने पहिली सेवा पिढ्यान्‌पिढ्या भोगली आणि दुसरी सेवा चळवळीत कमावली. म्हणूनच विद्यालयाच्या या स्मरणिकेत स्काऊट-गाईड पथकांविषयी लिहिताना केवळ कौतुकाचे चार शब्द लिहून थांबणे आम्हास योग्य वाटत नाही. गणवेश घालून रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या मुलामुलींना आपण यांपैकी कोणती सेवा शिकवीत आहोत, हा प्रश्न माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या सर्वांनी एकत्र विचारात घेण्याजोगा आहे.

महार वतनाच्या नावाखाली काय चालत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून वाचावे लागते. त्यांच्या पणजोबांना ते अंगावर झेलावे लागले. चावडी झाडणे, सरकारी अंमलदारांचे सामान वाहणे, गावोगाव निरोप पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, ही सारी कामे 'गावाची सेवा' म्हणून करून घेतली जात. त्या सेवेस ना वेळेचे बंधन होते, ना न्याय्य मोबदला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात ही वतने कायद्याने संपुष्टात येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. लादलेल्या सेवेचा इतिहास आपल्यापासून इतका जवळ आहे.

दुसऱ्या सेवेचा इतिहासही तेवढाच जवळचा आहे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे परिषद भरली, तेव्हा सार्वजनिक तळ्याचे पाणी बंद असल्यामुळे जमलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तशा काळात परिषदा उभ्या करणारी, प्रतिनिधींची व्यवस्था पाहणारी माणसे कोणाच्या हुकमाने राबत नव्हती. पुढे समता सैनिक दलाने हीच शिस्त अंगी बाणविली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांचा धम्मदीक्षा सोहळा पार पडला, तो वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आणि असंख्य अनाम स्वयंसेवकांच्या परिश्रमांवर. त्यांच्या श्रमांना पगार नव्हता, तरीही ती वेठ नव्हती. कारण कशासाठी राबायचे हे त्यांनी स्वतः ठरविले होते.

स्काऊट चळवळीच्या जन्मकथेतही हाच धागा सापडतो. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यांत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती आणि कष्टकरी घरांतील मुलेही होती. त्यांच्या चार तुकड्या करण्यात आल्या आणि प्रत्येक तुकडीचा नायक मुलांतूनच नेमण्यात आला. दर रात्री एक तुकडी पहाऱ्यासाठी वेगळी जाई. स्वतःचे पीठ-भाजी स्वतः शिजवी आणि रात्रभराची जबाबदारी स्वतः सांभाळी. मोठी माणसे होती. पण त्यांनी मुलांच्या हातून काम काढून घेतले नाही. पुढे जगभर पसरलेल्या या पद्धतीचे मर्म एवढेच आहे की, सहा-आठ मुलांच्या छोट्या गटावर खरी जबाबदारी सोपविली, तर ती मुले जबाबदार होतात.

भारतात मात्र हीच चळवळ प्रारंभी भेदभाव घेऊन आली. येथील सुरुवातीची पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. तेव्हा शाहजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी यांनी आणि मद्रासमध्ये ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. 'स्काऊट सर्वांचा मित्र असतो' हा नियम ओठांवर आणि दारावर मात्र बंदी, असा हा प्रवास होता. गणवेश आणि वचन हे आपोआप समता आणीत नाहीत. ती आणावी लागते, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

आता आजची स्थिती पाहू. केवळ आपल्या नव्हे, तर अनेक शाळांत स्काऊट-गाईड पथकाची आठवण प्रामुख्याने पाहुणे येणार असले की होते. प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत दोन रांगा, मान्यवरांना सलामी, पुष्पगुच्छांची तबके, खुर्च्यांची मांडामांड. पाहुण्यांना दीड तास उशीर झाला, तरी मुले उन्हात उभीच. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळण्यासही तीच. आतिथ्य हा सद्‌गुण आहे आणि खुर्च्या उचलण्यात कमीपणा नाही, हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप कामाला नसून कामाच्या रीतीला आहे. हे काम करायचे हे कोणी ठरविले? मुलांना विचारले होते काय? ज्यांच्यासाठी ते केले, त्यांना त्याची गरज होती काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी येत असेल, तर आपण मुलांना स्वयंसेवा न शिकविता, मोठ्या माणसापुढे वाकून उभे राहण्याची जुनीच सवय नव्या गणवेशात शिकवीत आहोत.

या संदर्भात विनयपिटकातील एक प्रसंग आपणा सर्वांना परिचित आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो आम्हांला काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, त्या भिक्खूस दोघांनी मिळून धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. जो आपल्या उपयोगाचा नाही त्याची शुश्रूषा करणे, ही सेवेची कसोटी तेथे घालून दिलेली आहे. प्रमुख पाहुणे हे तर शाळेच्या फार उपयोगाचे असतात! मग या कसोटीवर आपली मुले कोठे उभी राहायला हवीत?

त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ६ डिसेंबरला दादरला उतरणाऱ्या गाड्यांतून विदर्भ-मराठवाड्यातील वृद्ध स्त्री-पुरुष चैत्यभूमीकडे येतात. विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. अशा ठिकाणी चुकलेल्या मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचविणे, पाय सुजलेल्या आजीला बसावयास सावली शोधून देणे, पाण्याचे पिंप स्वच्छ राखणे, ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांना रस्ता दाखविणे, पुस्तकांच्या दालनाशी संकोचून उभ्या असलेल्या मजुराला त्याच्या मुलांसाठी पुस्तक निवडून देणे, ही कामे चौदा-पंधरा वर्षांची मुले उत्तम करू शकतात. येथे सलामी नाही, छायाचित्र नाही. पण मुलाला कळते की, आपल्यामुळे एका माणसाचा दिवस सुकर झाला.

स्काऊटमधील 'खरी कमाई' या उपक्रमाचेही असेच झाले आहे. मुलाने स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत आणि श्रमाची किंमत जाणावी, हा त्याचा हेतू. पुष्कळ ठिकाणी आता आई पहाटे उठून पदार्थ करते, वडील सामानाचा खर्च करतात, मूल मैदानावरील टेबलामागे उभे राहते आणि गल्ल्यात जमलेली रक्कम 'कमाई' म्हणून जाहीर होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही पद्धत याच महाराष्ट्रात रुजविली, हे स्मरून तरी आपण या उपक्रमात 'खरी' हा शब्द खरा करावयास हवा. शाळेची बाग, दुरुस्तीस आलेली बाके, ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांची बांधणी, असे रीतसर मोबदल्याचे काम मुलांना मिळाले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना श्रमाचा मोबदला नाकारला गेला, त्यांच्या मुलांनी मोबदला मागावयास न लाजणे हेही शिक्षणच होय.

नेतृत्वाच्या शिक्षणाबाबत आमचे मत याहून आग्रही आहे. स्काऊटच्या छोट्या गटाला मराठीत 'संघ' म्हणतात आणि त्याच्या प्रमुखास संघनायक. आपल्या कानांना हा शब्द किती जवळचा आहे! संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, प्रस्ताव मांडणे, ठराव करणे, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या संसदीय रीती बौद्ध भिक्खू संघांना ठाऊक होत्या. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोकाही दाखवून दिला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर नेतृत्व प्रशिक्षणाचा आराखडा आपोआप तयार होतो. संघनायक हा शिक्षकांचा लाडका विद्यार्थी नसावा. तो संघाने निवडलेला असावा. त्याची मुदत ठरलेली असावी आणि ती संपल्यावर त्याने पुन्हा रांगेत उभे राहून दुसऱ्याचे ऐकावे. नेमणूक होणे सोपे असते. पायउतार होऊन त्याच उत्साहाने भांडी घासणे कठीण असते. आमच्या मते नेतृत्वाची खरी परीक्षा तेथेच होते.

वसतिगृहाच्या शाळेत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथे मुले दिवसाचे चोवीस तास एकत्र राहतात. मोठ्या वर्गातील मुलांनी लहानांकडून कपडे धुऊन घेणे, बादल्या भरून घेणे, रांगेत पुढे घुसणे, हे प्रकार जगातील कोणत्याही वसतिगृहात डोके वर काढू शकतात. ज्या मुलाने सातवीत असताना असे सोसलेले असते, तो दहावीत गेल्यावर तेच करू लागतो. वर्चस्वाची परंपरा अशीच चालू राहते. संघनायकाने भोजनगृहात सर्वांना वाढून शेवटी जेवावे, लहान मुलांच्या खोलीची चौकशी प्रथम करावी, असा दंडक असेल, तर ही परंपरा तुटू शकते. तेच मुलींच्या बाबतीत. संयुक्त कार्यक्रमांत स्काऊटनी ध्वज लावावा आणि गाईडनी रांगोळी काढावी, ही वाटणी आपल्या विद्यालयात तरी नसावी.

याच ओघात एक छोटी, पण महत्त्वाची गोष्ट नोंदवितो. स्काऊटच्या वचनात ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे. परंतु ज्यांना हवे असेल त्यांनी 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणावे, अशी मुभा भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नियमांतच आहे. बावीस प्रतिज्ञा जाणणाऱ्या घरांतील मुलांना ही मुभा समजावून सांगितली पाहिजे. अर्थ न समजता उच्चारलेले वचन आणि न विचारता करवून घेतलेली सेवा यांत फारसे अंतर नाही.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील की, मुलांना विचारत बसलो, तर शिस्त राहणार नाही. काही पालक म्हणतील, आम्ही मुलाला शिकावयास पाठविले आहे. मतदान आणि वाढपी यांत त्याचा वेळ का घालवावा? शिक्षक म्हणतील, अध्यापनाखेरीज इतकी कामे अंगावर असताना हे कोणी पाहावे? यांतील शेवटची अडचण आम्हांस सर्वांत खरी वाटते. पहिल्या दोहोंचे उत्तर मात्र अनुभव देतो. स्वतः ठरविलेले काम मूल अर्धवट सोडीत नाही. आणि गावात, कार्यालयात, संघटनेत चार माणसांना बरोबर घेऊन काम करणे ज्याला येत नाही, त्याची पदवी समाजाच्या फारशी कामी येत नाही. आपल्यातील शिकलेली माणसे वाढली, तरी विहाराचा हिशेब ठेवणारा, वाचनालय चालविणारा, भांडण मिटविणारा माणूस शोधावा लागतो, हे आपण सारे जाणतो.

शिक्षकांच्या अडचणीचे उत्तर माजी विद्यार्थ्यांपाशी आहे. आपण देणगी देतो, इमारतीला रंग देतो, वर्धापनदिनाला येऊन आठवणी सांगतो. याखेरीज महिन्यातील एक रविवार पथकासाठी देता येणार नाही काय? आपल्यात परिचारिका आहेत, त्यांनी प्रथमोपचार शिकवावेत. वाहनचालक, वीजतंत्री, बँक कर्मचारी, शेतकरी आहेत, त्यांनी आपापले कसब मुलांच्या हाती द्यावे. ज्यांना अधिक वेळ आहे, त्यांनी स्काऊट मास्तर वा गाईड कॅप्टनचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. पालकांनी गणवेशाच्या खर्चाची झळ एखाद्या घराला बसत असेल, तर जुने गणवेश धुऊन-शिवून पुढील मुलांना द्यावेत. कोणतेही मूल केवळ पैशाअभावी पथकाबाहेर राहू नये.

व्यवस्थापनाकडे आमची विनंती एकच आहे. येत्या वर्षापासून पथकाच्या प्रत्येक उपक्रमाचा निर्णय संघनायकांच्या सभेत व्हावा, त्याचे इतिवृत्त मुलांनीच लिहावे आणि एखादे काम नाकारण्याचा अधिकार त्या सभेला असावा. कदाचित पुढील वर्धापनदिनी स्वागताची रांग लावावयाची नाही, असा ठराव मुले करतील. तसे झाले, तर पाहुण्यांनी त्या ठरावाचा मान राखून स्वतः चालत येऊन आसनस्थ व्हावे. आणि खुर्च्या उचलण्याचा ठराव झाला, तर मुलांच्या बरोबरीने आपणही दोन खुर्च्या उचलाव्यात.