रात्रीची धाव आणि सोबतचा जोडीदार

पोलीस भरती जवळ आली की वाशिम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड या गावांबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे साडेतीन-चारपासूनच धावणारी मुले-मुली दिसू लागतात, बहुतेक दोघा-दोघांच्या जोडीने. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिल्यावर ही तयारी जोमाने सुरू होणे ओघानेच आले. दुसरीकडे शहरांतल्या हौशी धावपटूंमध्ये रात्रभर चालणाऱ्या शर्यतींची ओढ वाढते आहे. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये भारतीय पुरुष संघाने २४ तासांच्या धावेत आशिया-ओशनिया स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, त्याचाही यात वाटा असावा. एकाला नोकरी हवी आहे, दुसऱ्याला पदक. अंधारात धावणारे शरीर मात्र दोघांचे सारखेच.

रात्र निवडण्याचे कारण विदर्भात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावेनंतर उमेदवारांचे मृत्यू झाले. पुढे पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर अंतर आले. (१६०० मीटरसाठी रोज डांबरी रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर तुडवण्याची गरज नसते, हे गावोगावच्या अकादम्यांनी एकदा नीट ऐकावे.) पण ऊन टाळले म्हणजे धोका टळला, हा हिशेब चुकीचा आहे.

पहिला धोका रस्त्याचा. १९ जानेवारी २०२५ रोजी बीडजवळ घोडका राजुरी येथे भरतीसाठी धावणाऱ्या तीन तरुणांना एसटी बसने चिरडले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला गडचिरोली जिल्ह्यातल्या काटली येथे पहाटे व्यायामाला निघालेल्या चार मुलांचा ट्रकखाली जीव गेला. अशा घटनांकडे निव्वळ वाहतुकीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. त्यात शरीरशास्त्रही आहे. माणसाच्या मेंदूतले घड्याळ पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वांत खाली आणते. रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर झापड येते ती याच वेळी, आणि दिवसभर शेतात राबून चार तास झोपलेला मुलगा रस्त्यावर असतो तोही याच वेळी. अकोला-वाशिम-हिंगोली महामार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर हे दोघे समोरासमोर येतात, तेव्हा चूक सावरायला दोघांकडेही क्षणभराचा अवधी नसतो. त्यात कानात हेडफोन असेल तर बोलायलाच नको.

दुसरा धोका स्वतःच्या अंदाजाचा. झोप कमी पडली की पायांतले बळ फारसे घटत नाही, घटतो तो विवेक. आपण थकलो आहोत हे थकलेल्याला कळत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १६१ किलोमीटरच्या शर्यतीत साधारण १०० किलोमीटरनंतर, म्हणजे बहुतेकांना रात्र गाठते तिथून, सोबत एक जोडीदार धावू देतात. त्याने धावपटूचे सामान उचलायचे नाही. त्याने फक्त सोबत राहायचे आणि लक्ष ठेवायचे.

हे लक्ष कशावर ठेवायचे, ते आपल्याकडे शिकवले जात नाही. जोडीदार अडखळू लागला, विचारल्यावर मागे गेलेल्या गावाचे नाव त्याला सांगता येईना, विनाकारण चिडला किंवा गप्प झाला, तर धाव तिथेच थांबवायची. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि रात्रीही शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊ शकते. बरळणे आणि तापलेले अंग एकत्र दिसले, तर दवाखान्याची गाडी बोलावतानाच अंगावर पाणी ओतून, ओली फडकी घालून वारा घालायला लागावे. गाडी येईपर्यंत वाट पाहण्यात मेंदू हातचा जातो. उलट, लांब धावेत तहान नसताना नुसते साधे पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि त्यातही माणूस बरळतो. म्हणून तहानेइतकेच पाणी प्यावे. धावण्यापूर्वी अंगदुखीची गोळी घेण्याची सवय तर सरळ सोडावी, कारण पाण्याअभावी ताणलेल्या मूत्रपिंडावर ती आणखी घाव घालते.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट आहे. इथल्या काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तपासणीत ‘एएस’ निघालेली व्यक्ती वाहक असते, आजारी नसते, आणि तिने धावू नये असेही नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडाला इजा करणारा विकार त्यांच्यात दीडपट दिसला. त्यामुळे वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, तापात धावू नये, आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जोडीदाराला हे माहीत असायला हवे. घरी लग्नाच्या बोलणीपर्यंत लपवून ठेवलेली ती पिवळी-लाल कार्डे रस्त्यावर उपयोगाची नाहीत.

एवढे सगळे दोन विशीतल्या पोरांच्या खांद्यावर टाकून व्यवस्थेला हात झटकता येणार नाहीत. भरतीचे वर्ष असेल तेव्हा तालुका क्रीडा संकुले आणि शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे चारला उघडून दिवे लावणे, हा खर्चिक उपाय नाही. वीजबिल, एक चौकीदार आणि पाण्याचा ड्रम एवढ्यात भागते. अकादमी चालवणाऱ्यांनी शुल्क घेण्यापूर्वी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी मागावी. आणि मैदान खरोखरच नसेल, तर निदान महामार्ग सोडून पाणंद रस्ता धरावा, वाहनाच्या समोरून धावावे आणि अंगात चमकणारी पट्टी असलेले जॅकेट घालावे.