‘वर्ष गेले’ म्हणजे काय?

‘मला केटी लागली’, ‘माझे वर्ष गेले’ असे आपण सहज म्हणतो. ठेच लागावी तशी केटी लागते. वर्षही जणू आपल्या पायांनी निघून जाते. या दोन्ही वाक्यांत विद्यार्थी कर्ता नाही. त्यामुळे दिलासा मिळतो, पण परतीची वाट झाकली जाते. वस्तुतः ‘एटीकेटी’ म्हणजे पुढील सत्र चालू ठेवण्याची अनुमती. त्या अनुमतीलाच आपण कलंक मानले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. दिली. मात्र एवढे सांगून थांबणे अप्रामाणिक ठरेल. लोणंदच्या कांदा बाजारात दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला थोरांच्या चरित्राइतकीच नियमांची माहितीही हवी असते.

म्हणून गुणपत्रिका नीट वाचावी, पुनर्मूल्यांकनाची मुदत पाहावी, नोंदणी किती काळ वैध आहे हे अभ्यासकेंद्रात विचारावे. २०२१ च्या नियमांनुसार श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक कमाल ७ वर्षे ग्राह्य राहू शकतात. म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रम वाया जातातच असे नाही.

माझे मत स्पष्ट आहे : अपात्रतेचे पत्र पाठवणाऱ्या विद्यापीठाने त्याच पत्रात परतीचा मार्गही छापावा. आणि विद्यार्थ्याने आपले वाक्य बदलावे : ‘मी दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो, ते पुन्हा देणार आहे.’