दुखणं पोरीचं, पंगत गावाची

बाजाराच्या दिवशी फुलंब्रीतल्या कुठल्याही खासगी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा. आळंदपासून वडोद बाजारपर्यंत कुणाच्या घरी काय दुखतंय, याची इत्थंभूत माहिती एक रुपया न देता मिळेल. मोठ्या माणसांचं मी सोडून देते. त्यांना भांडता येतं, डॉक्टर बदलता येतो, वेळ पडली तर एसटीत बसून संभाजीनगर गाठता येतं. मला बोलायचंय ते तेरा ते सतरा वर्षांच्या पोरापोरींबद्दल. त्यांच्या दुखण्याची इथे रोज गावपंगत बसते, आणि वाढपी असतात खुद्द दवाखान्यातले लोक.

सुरुवात बाहेरच्या टेबलापासूनच होते. कंपाउंडर केसपेपर काढतो. नाव, वय, गाव, आणि मग भर बाकासमोर, "काय होतंय?" पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघते. आई खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटते. कंपाउंडर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं परत म्हणतो, "पाळीचं का? किती महिने झाले?" बाकावरचे आबा पेपर खाली करतात, शेजारच्या गल्लीतल्या काकू पदर सावरून पुढे सरकतात. आत तर तिघं-तिघं एकदमच घेतलेले असतात: एक तपासणीच्या टेबलावर, एक स्टुलावर, एक दाराशी. मधे हिरवा पडदा असतो. तो अर्ध्यावर येऊन अडकतो, कारण वरच्या कड्या तुटल्यात. सहा महिन्यांपूर्वीही त्या तुटलेल्याच होत्या. बाहेरचा एसी मात्र नवा आहे.

यावर डॉक्टरमंडळींचं ठरलेलं उत्तर मी कैक वेळा ऐकलंय. "अहो मॅडम, इथं सगळे एकमेकांना ओळखतात. लपवायचं काय? हे शहरातले चोचले." उलट आहे, डॉक्टरसाहेब. शहरात बाकावर शेजारी बसलेला माणूस पुन्हा जन्मात भेटत नाही. इथे तोच माणूस पुढच्या वर्षी पोरीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्या गल्लीचा रस्ता दाखवतो, आणि रस्ता दाखवता दाखवता बरंच काही सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवली, त्यामुळे आमच्या खात्याचंही उणंदुणं मला माहीत आहे. तपासणीचं पथक वर्गात यायचं. वजन, उंची, डोळे, रक्त. काम चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण निकाल कसा सांगायचे? "अंगात रक्तच नाही हिच्या!" आणि अख्खा वर्ग खिदळायचा. एका मुलाला फिट यायची. ही गोष्ट हजेरीपटाच्या मागच्या पानावर लाल शाईने लिहिलेली होती आणि हजेरीपट मॉनिटरच्या हातात असायचा. मुलांची नाचक्की होत नाही असं वाटणाऱ्यांनी वसतिगृहात अंथरूण ओलं करणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला एकदा विचारून बघावं.

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ. आपल्याकडे पोराच्या माहितीची मालकी पैसे देणाऱ्याची असते. फी बापाने दिली म्हणजे रिपोर्ट बापाचा. मोटारसायकलवर मामा घेऊन आला तर लॅबवाला रिपोर्टचा फोटो मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा. मामा तो मामीला दाखवतो, आणि मामीच्या माहेरी तो पोचायला संध्याकाळही लागत नाही. ज्या पोरीच्या अंगातून रक्त काढलं, तिला रिपोर्टमध्ये काय आलं हे सांगणारा मात्र एकही माईचा लाल सापडत नाही. "तुला काय कळतंय, आईला सांगितलंय मी."

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या उपचाराला पालकांची संमती लागते, हे मलाही ठाऊक आहे. गर्भपाताच्या कायद्यात तर ते स्पष्टच लिहिलंय. पण उपचाराला संमती देणं वेगळं आणि प्रत्येक प्रश्नोत्तराला सासुरवाडीसकट हजर राहणं वेगळं. ब्रिटनमध्ये हा वाद 1985 सालीच सर्वोच्च पातळीवर लढला गेला. गिलिक नावाच्या बाई कोर्टात गेल्या होत्या की सोळा वर्षांखालच्या मुलीला आईबापांना न विचारता गर्भनिरोधाचा सल्ला देऊ नका. त्या हरल्या. जी पोर उपचाराचा अर्थ नीट समजू शकते तिला स्वतः निर्णय घेता येतो, असं तिथल्या न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं. आपल्या कायद्याने इतकी मुभा दिलेली नाही. पण जेवढी दिलीय तेवढी तरी वापरा ना! डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत रुग्णाची गुपितं फोडू नयेत हे सरळ लिहिलंय. अपवाद आहेत: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, सरकारला कळवायचे आजार. त्या यादीत मामा नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं तर बुजगावणंच करून ठेवलंय. अल्पवयीन मुलीला दिवस गेल्याचं कळलं की बरेच डॉक्टर पहिलं वाक्य बोलतात, "पोक्सो लागेल, तुम्ही हिला घेऊन जा इथून." घेऊन जा म्हणजे कुठे? पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरंच. पण सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सांगितलंय की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यातही 2021 च्या दुरुस्तीने कलम आलंय: कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही नाव सांगितलं तर डॉक्टरलाच वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे कळवायचंय घटनेबद्दल, आणि झाकायचंय पोरीला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. घटना कळवत नाहीत आणि पोरीचं नाव मात्र तिन्हीसांजेच्या आत चावडीवर. हाकलून दिलेली पोर मग मेडिकलमधून कुणाकरवी गोळ्या मागवते. किती महिने झालेत हे कुणी तपासत नाही, डोस कुणी सांगत नाही. अशी पोर मध्यरात्री रक्तस्राव होत संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोचली, की "आधी का नाही आलात?" हा प्रश्न विचारायला सगळे पुढे.

स्थानिक बातमीदार त्यावर कळस चढवतात. नाव छापत नाहीत, केवढे सज्जन! "अमुक वस्तीवरील, दहावीत शिकणारी, वडील वीटभट्टीवर कामाला." राहिलं काय? ओळख पटेल असं काहीही छापायला पोक्सोने मनाई केलीय, फक्त नावाला नव्हे.

आणि आता आलेत कॅमेरे. चोरी होऊ नये म्हणून म्हणे. दवाखान्यात काय चोरीला जातं, सलाईनचा स्टँड? फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, बायकांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचं उघडकीस आलं. अटक झालेल्यांमध्ये एक लातूरचा होता, एक सांगलीचा. म्हणजे हे विकण्याचा आरोप असलेली माणसं आपल्या मुलखातलीही आहेत. तरीही तपासणीच्या खोलीत, इंजेक्शनच्या खोलीत कॅमेरे लटकतायत, आणि त्याचं चित्र डॉक्टरांच्या मोबाइलवर, त्यांच्या मेहुण्याच्या मोबाइलवर, बसवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर. पासवर्ड कुणी बदललाय का, हे विचारलं तर म्हणतात, "ते पोरालाच माहीत."

सरकारचंही ऐका. 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, महाराष्ट्रात त्याची 'मैत्री' क्लिनिकं आहेत. कल्पना उत्तम: वेगळी खोली, समुपदेशक, गुप्तता. मी पाहिलेल्या एका ठिकाणी खोली ओपीडीच्या रांगेला खेटून होती आणि पाटी इतकी ठळक की आत जाणाऱ्या पोरीला रांगेतल्या प्रत्येकाने मोजून घ्यावं. नर्सिंग होमच्या 2021 च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलीय. पण खाटा नसलेला दवाखाना या नियमांत बसतच नाही, आणि केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे जिथे गाव रोज जातं, त्या टेबल-स्टुलाच्या दवाखान्याला विचारणारा कोण, तर डॉक्टरची स्वतःची लाज. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, दंडाचे आकडे कोटींत आहेत. इथे जुने केसपेपर रद्दीत जाऊन त्यात भेळ बांधली जाते.

सगळेच असे नाहीत, हे न सांगणं अन्याय होईल. तालुक्यात एक म्हातारे डॉक्टर होते. पोरगी बापासोबत आली की ते बापाला म्हणायचे, "भाऊ, जरा मेडिकलमधून थर्मामीटर आणा. आमचा फुटला." त्यांचा थर्मामीटर रोज फुटायचा. बाप परत येईतो पोरीचं बोलून झालेलं असायचं, आणि त्यातलं जे बापाला सांगायचं ते ते स्वतः, पोरीला विचारून सांगायचे. नर्सताई तेवढा वेळ पडद्याशी उभ्या असायच्या. यात कुठला खर्च होता?

"गर्दी असते हो, ऐंशी-ऐंशी पेशंट," असं म्हणतात. ऐंशी पेशंटांना सलाईन लावायला वेळ मिळतो. "बाप चिडतो, बाहेर बसायला तयार होत नाही," असंही म्हणतात. हाच बाप सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गुमान बसतो. ऑपरेशनच्या दाराबाहेर चार-चार तास बसतो, चपला हातात धरून. तिथे त्याला बाहेर काढताना डॉक्टरांची जीभ कधी अडखळलेली मी पाहिली नाही, कारण आत चाललंय ते काम आहे असं त्यांना वाटतं. पोरीचं ऐकून घेणं हेही काम आहे असं वाटायला लागलं, की त्याच जिभेने "भाऊ, पाच मिनिटं बाहेर बसा" म्हणता येईल.