खाऊ आणि करंगळी

मराठीतला ‘ऊ’ हा प्रत्यय मोठा लबाड आहे. ‘पैसेखाऊ’ म्हणजे पैसे खाणारा, ‘वेळखाऊ’ म्हणजे वेळ खाणारे काम. पण एकटा ‘खाऊ’ म्हटला की तो खाणारा राहत नाही, खाल्ला जाणारा होतो. मोठ्यांच्या फराळाला वेळकाळ असतो, मानपान असतो, कधीकधी त्याचे बिलही येते. खाऊला यातले काही नाही. तो पिशवीतून निघतो, मुठीत मावतो आणि मुठीतून थेट तोंडात जातो. या शेवटच्या प्रवासाविषयीच आज थोडे लिहायचे आहे.

मराठीचा प्राध्यापक म्हणजे आळीचा बिनपगारी लेखनिक. लग्नपत्रिकेतला मजकूर, शोकसभेचा ठराव, पाण्याची टाकी धुण्याची सूचना, सगळे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतात. यंदा दसरा झाला आणि आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई आल्या.

“सर, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलं घरून खाऊ आणतात. पालकांसाठी एक सूचना लिहून द्या. पण रागावल्यासारखी नको.”

“काय आणायचं ते लिहायचं ना?”

“आधी काय आणायचं नाही ते.”

आणि बाईंनी यादी सांगितली. शेंगदाणे, डाळे आणि काजू घातलेला चिवडा, फुटाणे, कडक शंकरपाळे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे, गोळ्या, लहान कपातली जेली. माझी लेखणी मंदावली. आमच्या घरच्या फराळाचे निम्मे डबे या यादीत होते!

ही गोष्ट मी संध्याकाळी कट्ट्यावर काढली, तर एक आजोबा म्हणाले, “आम्ही मूठ मूठ दाणे खाल्ले, आम्हाला काय झालं?” हा युक्तिवाद घरोघर ऐकू येतो आणि तो बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोम आहे. आम्हाला काय झाले, असे विचारायला जे राहिले त्यांचीच साक्ष आपण ऐकत असतो. ज्यांना काही झाले, ते कट्ट्यावर येऊन बसत नाहीत.

होते ते असे. लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. भूल देणाऱ्या डॉक्टरांमध्ये नळीचे माप ताडण्याचा हा जुना आडाखा आहे. आपल्या घरातल्या तीन वर्षांच्या मुलाची करंगळी हातात घेऊन पाहा आणि शेजारी एक शेंगदाणा ठेवा. पुढे काही सांगण्याची गरज उरणार नाही. शिवाय मागच्या दुधाच्या दाढा येतात दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान, आणि त्या आल्या तरी घास नीट दळून खाण्याची कला अंगवळणी पडायला चौथे-पाचवे वर्ष उजाडते. तोवर पुढचे दात तुकडा पाडतात आणि तुकडा तसाच मागे जातो. त्यात मूल हसले, पळाले, कोणी त्याला हाक मारली, की श्वासाबरोबर दाणा भलत्या वाटेला लागतो. मोठा तुकडा श्वास कोंडतो. लहान दाणा कधीकधी खाली फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसतो, ओलाव्याने फुगतो, तिथे सूज आणतो. आणि आईबाप महिनोन्‌महिने खोकल्याची औषधे पाजत राहतात. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे, काजू, बदाम नकोत, असे डॉक्टर सांगतात.

माझे लक्ष लगेच आपल्या बोरन्हाणाकडे गेले. संक्रांतीला काळे झबले, हलव्याचे दागिने घालून बाळाला मधोमध बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे, हल्ली चॉकलेटेही ओतायची. सोहळा देखणा, हौस खरी. पण भोवतालची दोन-तीन वर्षांची मंडळी ते सारे वेचून तोंडात टाकतात. सोहळा मोडू नये असेच मी म्हणेन. चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या, सुटे बत्तासे ओतावेत; बोरे आणि हरभरे मोठ्या मुलांच्या हाती वेगळे द्यावेत. फुगे लावलेच, तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्याच क्षणी उचलावेत, कारण ते रबर घशावर झाकणासारखे बसते.

सूचनेचे पहिले वाक्य मी लिहिले: “खाऊ मऊ असावा आणि मुलाच्या मापाचा असावा.” याचा अर्थ पदार्थ हद्दपार करायचे नाहीत, त्यांचे रूप बदलायचे. येथे मी सौभाग्यवतींचा सल्ला घेतला, कारण व्याकरण माझे असले तरी स्वयंपाकघर दोघांचे असूनही अधिकार त्यांचा. शेंगदाणा नको, पण घरच्या मुलाला चालत असेल तर बारीक कूट भाजीत चालते. द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात. आडवे कापले तर गोल चकती तशीच राहते आणि तिचे बूच बसते. गाजर कच्चे नको, वाफवून. सफरचंद वाफवून किंवा किसून. संत्र्याची फोड साल आणि बिया काढून. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, म्हणून तो अख्खा हातात न देता अर्धा, तोही बसवून, जवळ पाण्याचा पेला ठेवून. आणि सर्वांत बरे म्हणजे लहान लहान इडल्या, मऊ घावन, शिरा, पिकलेले केळे. दुधाचे पदार्थ उन्हाळलेल्या ऑक्टोबरात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नयेत.

दुसरे वाक्य लिहिताना बाई जरा थांबल्या. वर्गात एक मुलगा आहे. त्याला दूध सोसत नाही. चमचाभर पेढा पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. “पण सर,” बाई म्हणाल्या, “तो आता कोणी देण्याआधीच ‘मला नको’ म्हणतो. पुढे हातसुद्धा करत नाही.”

चार वर्षांच्या मुलाने इतके समंजस व्हावे, याचे मला कौतुक वाटले नाही, वाईट वाटले. बाकीची पंधरा मुले तोंडाला पेढा माखून बसलेली आणि हा भिंतीवरच्या हत्तीकडे बघत असलेला! दूध, अंडे, गहू, दाणे, काजू, सोयाबीन, मासे यांतले काहीही एखाद्या मुलाला बाधू शकते, आणि ज्याला बाधते त्याचा श्वासही कोंडू शकतो. तेव्हा खाऊ ठरवण्याआधी बाईंना विचारावे. विकतचा पुडा असेल तर त्यावरचा बारीक मजकूर वाचावा; बाधणाऱ्या घटकांची नावे तिथे छापणे कायद्याने भाग आहे. हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होऊ नये. तो शाकाहाराची खूण आहे. दूध त्यात चालते. त्या मुलाला कोपऱ्यात वेगळी वाटी देण्यापेक्षा सर्वांनाच चालेल असा एक पदार्थ आणावा. म्हणून दुसरे वाक्य असे झाले: “खाऊ असा असावा की वर्गातल्या प्रत्येक मुलाला हात पुढे करता येईल.”

यात पैशाचाही हात येतो. वाढदिवसाला कोणी उंची चॉकलेटे वाटली की दुसऱ्याची आई महिनाअखेरीस हिशेब करू लागते. केळ्याचा एक घड सर्वांना पुरतो आणि कोणाला खाली पाहायला लावत नाही. भडक रंगाचे तर नावच नको. रोडामाइन-बी नावाचा कापडाचा रंग सापडल्यामुळे तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘म्हातारीचे केस’ विकण्यावर बंदी घातली. त्याआधी २०२० साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट आणि अतितेलकट पदार्थ विकू नयेत असा नियम केला. पण फाटकाबाहेरचे दुकान नियमाने दूर करता येते. आपल्या हातातली पिशवी आपल्यालाच तपासावी लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुलाला शाळेच्या मापाचे करण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची केली, हे त्यांचे मोठेपण. खाऊच्या बाबतीत आपल्याला एवढेच शिकायचे आहे.

तिसरे वाक्य बाईंनी स्वतः सांगितले: “खाताना मूल बसलेले असावे आणि जवळ मोठे माणूस असावे.” आणि घास अडकलाच तर? मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नाही, श्वास येत नाही असे दिसले, तर त्याला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने न निघाल्यास, मूल एक वर्षाच्या वरचे असेल तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत व वर असे पाच दाब द्यावेत. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर दाब नको. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. तुकडा आणखी खाली जातो. दुसऱ्या कोणी तेवढ्यात १०८ फिरवावा. हे वाचून येत नाही, एकदा समोर पाहून शिकावे लागते. बाई शिकल्या आहेत. प्रत्येक घरात एकाने तरी शिकावे.

वाचकहो, दिवाळीचे ताट रुमालाने झाकून शेजारी पाठवण्याची आपली रीत आहे आणि ती फार गोड आहे. यंदा ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे, तिथे ताट जाईल तेव्हा चिवड्या-चकलीच्या शेजारी एक लहान वाटी वेगळी ठेवा. तिच्यात काय घालायचे ते आधी त्या मुलाच्या आईला विचारा. मग वाटीत चार घास शिरा असला तरी भागेल. त्या घरातल्या सर्वांत लहान माणसाचीही आपण आठवण ठेवली, हे त्या वाटीवरून कळेल.