विकलेल्या वस्तूवर कंपनीचा पहारा

वस्तू विकली की विक्रेत्याचा तिच्यावरील हक्क संपतो, असे भांडवली कायद्याचे पाठ्यपुस्तक सांगते. हे पाठ्यपुस्तक आता खुद्द भांडवलदारांनीच रद्दीत काढले आहे.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र २००६ साली बाजारात आले, तेव्हा त्यावर लिनक्स बसविण्याची सोय मोठ्या दिमाखाने मिरविली गेली. अमेरिकन हवाई दलाने याच सोयीच्या भरवशावर सतराशेहून अधिक यंत्रे जोडून महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने नव्या आज्ञावलीद्वारे ती सोय काढून घेतली. ही आज्ञावली नाकारणाऱ्या ग्राहकाला कंपनीच्या जाळ्याला आणि नव्या खेळांना मुकावे लागले. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने यंत्राची मूळ किल्ली जाहीर केली. त्याच महिन्यात त्याला न्यायालयात खेचण्यात आले. शब्द फिरविणारी कंपनी फिर्यादी झाली!

आता पहारेकरी यंत्राच्या पोटातच बसविला जातो. निन्टेन्डोच्या स्विच यंत्राच्या चिपमध्ये सूक्ष्म फ्यूज असतात. नव्या आवृत्त्यांबरोबर ते कायमचे जाळले जातात. अपेक्षेहून अधिक जळालेले आढळले की जुनी आवृत्ती सुरूच होत नाही. सॅमसंगच्या अनेक गॅलक्सी फोनांतही २०१३ पासून नॉक्सचा फ्यूज आहे. मालकाने परकी आज्ञावली चढविली की तो जळतो. मूळ आज्ञावली परत आणली तरी हा कलंक पुसत नाही. सॅमसंग पे त्या फोनवर कायमचे बंद. गूगलची तऱ्हा याहून न्यारी. फोनच्या चारित्र्याचा दाखला तिचा सर्व्हर देतो आणि तो न मिळाल्यास बँकांची अनेक अॅप्स दार लावून घेतात. ज्या लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइड उभे आहे, तो हजारोंच्या सामाईक श्रमातून घडला आहे, याची आठवण या दाखल्यात कुठेही नसते.

सुरक्षिततेसाठी हे सारे आवश्यक आहे, अशी मखलाशी केली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. चोर आहेत, लबाड खेळाडूही आहेत. परंतु कुलूप घरधन्याच्या रक्षणासाठी असेल, तर किल्ली घरधन्याकडे का नाही?

भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद! पैसे घेऊन विकलेली सोय मागाहून काढून घेणाऱ्या कंपनीसाठी त्या कलमात एक शब्दही नाही.