कटप्पा कळला, पण गोवळकोंड्याचा दरवाजा कुणी उघडला?

'कटप्पाने बाहुबलीला का मारलं?' २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं हा प्रश्न अख्ख्या देशाने चघळला. आपल्या गोव्यात तर चवथीच्या माटोळीखालीही तो रंगला. सिनेमातल्या काल्पनिक माहिष्मतीची आपल्याला केवढी काळजी!

या माहिष्मतीचा सेट हैदराबादच्या पूर्वेला रामोजी फिल्म सिटीत उभा राहिला आणि मग पर्यटकांसाठी खुला झाला. लोक तिकीट काढून त्यापुढे फोटो काढू लागले. शहराच्या पश्चिमेला मात्र खराखुरा गोवळकोंडा उभा आहे. तिथे फत्ते दरवाज्याखाली टाळी वाजवायची, ती वर बालाहिसारात ऐकू येते म्हणून खूष व्हायचं आणि परत फिरायचं. झालं आपलं इतिहासदर्शन!

मंडळी, त्या किल्ल्याचा वेढा आठवा. १६८७ साली औरंगजेब स्वतः आठ महिने गोवळकोंड्यापुढे बसला होता. पावसाने छावणीचा चिखल झाला, धान्य संपलं, माणसं पटापट मेली. तटाखाली पेरलेले सुरुंग उलटले आणि मोगलांचेच सैनिक गाडले गेले. तट काही पडेना. शेवटी अब्दुल्लाखान पनी या आतल्याच सरदाराने पैशांसाठी रात्री दरवाजा उघडून दिला. अब्दुर्रझ्झाक लारी मात्र विकला गेला नाही. अंगाची चाळण होईपर्यंत तो एकटा लढला. अबुल हसन तानाशहा दौलताबादेच्या कैदेत गेला आणि तिथेच मेला.

सिनेमात ताडाची झाडं वाकवून त्यांवरून सैनिक तटापलीकडे भिरकावतात आणि टाळ्या पडतात. 'करमणूक आहे हो, इतकं काय मनावर घेता?' असं कुणी म्हणेल. करमणुकीला माझी हरकत नाही. पण एका वीराच्या मनगटावर राज्य तरतं आणि एका दुष्टामुळे बुडतं, ही खोटी समजूत तिथूनच आपल्या डोक्यात शिरते. गोवळकोंडा एका पनीने बुडवला नाही. सेनापती मीर मुहम्मद इब्राहीम १६८५ सालीच मोगलांना मिळाला होता. वेढा चालू असताना शेख निजामही गेला. दरवाजा उघडला त्या रात्री, पण त्याच्या बिजागऱ्या आधीच ढिल्या झाल्या होत्या.

हा शेख निजाम कोण, ठाऊक आहे? पुढचा मुकर्रबखान! १६८९ साली संगमेश्वरी संभाजीराजांना पकडणारा. गोवळकोंड्याची फितुरी थेट आपल्या दारात आली ती अशी. कटप्पाचं उत्तर ज्यांना पाठ आहे, त्यांतल्या किती जणांना हे माहीत आहे?

आणि दूर कशाला जायचं? नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने आपल्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. तोफांनी तट फोडला, पण आतल्यांनी दरवाजा उघडला नाही. संभाजीराजे स्वतः धावून आले आणि व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. पुढे तिथे मर्दनगड उभा राहिला. आज त्याचे फारच थोडे अवशेष उरले आहेत.

पुठ्ठ्याची माहिष्मती जपायला पैसा मिळतो, मर्दनगडाचे दगड बेवारस पडतात. मुलांना फिल्म सिटी जरूर दाखवा. पण आधी फोंड्याला न्या, आणि सांगा त्यांना: इथे कुणी दरवाजा उघडला नव्हता.